पाच खाचांची नळी

आल्विन पॅस्कोच्या गोळ्या आडव्या जायला लागल्या आणि ट्रेवॅरो गावच्या रायफल क्लबाला चघळायला विषय मिळाला. शंभर यार्डांवरच्या पाटीवर गोळी सरळ लागली की कागदाला गोल भोक पडतं. आल्विनची भोकं लांबट पडत, कुणी नखानं कागद फाडल्यासारखी. काही गोळ्या तर पाटीवर लागतच नसत. गेल्या खेपेला एक शेजारच्या पाटीच्या लाकडी चौकटीत रुतली, दुसरी मागच्या मातीच्या बांधावर भलतीकडेच धूळ उडवून गेली. तेव्हा क्लबचा कॅप्टन डीन नॉस्के यानं शिट्टी वाजवून सगळ्यांचाच नेम थांबवला.

नॉस्के माणूस वाईट नव्हता. घरची बार्लीची शेती, आवाज शिवारभर ऐकू जाईल असा. पण ज्या म्हाताऱ्यानं आपल्याला लहानपणी रायफल धरायला शिकवली त्याला तोंडावर काही सांगायची वेळ आली, तेव्हा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. म्हणून त्यानं आल्विनच्या मुलीला, रेलीनला, चहाच्या टेबलामागे गाठलं.

"रेलीन, मी काय सांगतोय त्याचा राग मानू नकोस."

"तू तोंड उघडायच्या आधीच आलाय मला राग. बोल."

"म्हाताऱ्याचं वय झालं. ब्याऐंशी म्हणजे काय थोडं आहे? कमिटीचं ठरलंय. पुढच्या महिन्यात त्याची एक जरी गोळी पाटीबाहेर गेली, तर रायफल बंद. मग त्यानं गुण लिहायच्या टेबलावर बसायचं."

"गुण लिहायला? त्यानं?"

"मान राखून बसवू गं. टेबलावर छत्री लावू."

"ती छत्री तुझ्या डोक्यात घाल."

नॉस्केनं खाली बघितलं, बुटानं माती उकरली. "मग रायफलीत खोट आहे का? तूच सांग ना. नळी तू मोजलीस. गोळी मापात काढायची रिंग तू केलीस. सगळ्यांसमोर म्हणालीस, माझं माप चुकत नाही."

ती तसं म्हणाली होती. चांगली छाती पुढे काढून म्हणाली होती.

रेलीन पॅस्को टर्नर होती, लोखंड कातणारी. गावातल्या वर्कशॉपात लेथवर उभं राहून तिचे केस पिकले. सुगीच्या दिवसांत मळणीयंत्राचा दांडा तुटला की शेतकरी आधी तिच्याकडे धावत आणि मग देवाकडे. इंचाचा हजारावा भाग, ज्याला वर्कशॉपात सगळे थाऊ म्हणतात, तो तिला दिसत असे म्हणे. लग्न मोडल्यावर ती बापाच्या घरी परत आली. आई तेव्हा होती, आता नव्हती. बापलेक दोघं राहत आणि दिवसाला एक भांडण ठरल्यासारखं करत. त्यात दोघांनाही बरं वाटायचं.

आल्विनकडे आता फारसं काही उरलं नव्हतं. होडी विकली. धक्क्यावर मासे धरायला जाणं गुडघ्यांनी बंद केलं. गाडीचा परवाना त्यानं मागच्या हिवाळ्यात आपणहून परत केला, "पेट्रोल महाग झालंय" असं सांगून. राहिला होता तो महिन्यातला तिसरा रविवार आणि नेमाच्या रांगेतली तिसरी जागा. तिथे तो पन्नास वर्षं बसत आला होता. आदल्या दिवशीच त्याची इस्त्रीची पँट खुर्चीवर तयार असायची. ती जागा गेली तर बाबा त्याच खुर्चीत बसून राहील आणि मग उठायचंच सोडून देईल, अशी रेलीनला धास्ती होती. आईच्या शेवटच्या वर्षात तिनं ते पाहिलेलं होतं.

रायफल म्हणजे सैन्यानं निकालात काढलेली थ्री-नॉट-थ्री. आल्विन तरुण होता तेव्हा असल्या रायफली हार्डवेअरच्या दुकानात फावड्यांच्या शेजारी टांगलेल्या असत. त्यानं एक निवडून आणली आणि आयुष्यभर बायकोच्या खालोखाल तिची काळजी घेतली. बायकोच्या मते क्रम उलटा होता. तांब्याच्या कवचाच्या विकतच्या गोळ्या मिळत होत्या तोवर सगळं सुरळीत चाललं. मग त्या मिळेनाशा झाल्या, मिळाल्या तर परवडेनाशा झाल्या, आणि क्लबातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांसारखा आल्विनही शिसं वितळवून साच्यात घरीच गोळ्या पाडायला लागला.

शिशाची गोळी मात्र लाडावलेली असते. तांब्याची गोळी नळीत थोडी सैल असली तरी निभावून नेते. शिशाची गोळी नळीतल्या खाचांच्या मापापेक्षा एखादा थाऊ जाडच लागते, म्हणजे ती ठासून बसते आणि खाचांनी दिलेला पीळ धरते. बारीक पडली तर मागचा पेटता धूर तिच्या अंगावरून पुढे पळतो, तिची कड वितळवतो, आणि बाहेर पडल्यावर ती दारू प्यायल्यासारखी कोलांट्या खात जाते. एकाच कारखान्यातल्या, एकाच वर्षीच्या दोन जुन्या रायफलींच्या नळ्या सारख्या मापाच्या निघतील याचा भरवसा नसतो. त्यामुळे दुसऱ्याचं माप उपयोगाचं नाही. आपली नळी आपणच मोजावी लागते.

आणि ती रेलीननं मोजली होती. रीतीप्रमाणे मोजली होती. रायफल रिकामी असल्याचं दोनदा बघितलं, बोल्ट काढून बाजूला ठेवला, बापाच्या मासेमारीच्या डब्यातलं मऊ शिशाचं गोल वजन तेलात बुडवलं आणि पितळी दांड्यानं ठोकत नळीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला नेलं. रायफल आल्विननं धरली होती. नळीतून पलीकडे पडलेल्या त्या शिशाच्या तुकड्यावर नळीचा साचा उमटलेला असतो. नळीतली खाच तिथे वरंबा होऊन येते. तो तुकडा तिनं मायक्रोमीटरच्या चिमटीत धरला आणि तीनशे बारा थाऊ असं माप वाचलं. मग त्याहून एक थाऊ मोठी पोलादी रिंग लेथवर केली. साच्यातून निघालेली गोळी त्या रिंगमधून दाबून काढायची की झाली नेमक्या मापाची.

आल्विननं रिंग हातात घेऊन फिरवून पाहिली होती. "सुरेख झालीय," एवढंच म्हणाला होता.

आणि तेव्हापासून गोळ्या आडव्या जात होत्या. रेलीननं रिंग पुन्हा मोजली. बरोबर. शिशाचा तुकडा पुन्हा मोजला. तीनशे बारा. मग काय उरलं? बाबाचा हात. हात थरथरतो म्हणून गोळी कोलांटी खात नाही, हे तिला कळत होतं. नेम चुकेल, पण भोक गोलच पडेल. हे ती नॉस्केला सांगायला गेली तर तो म्हणाला, मग माप चुकलं असेल. माप तर चुकलेलं नाही. असं फिरून फिरून गाडी बाबावरच येऊन थांबायची.

त्या आठवड्यात वर्कशॉपात कुणीतरी धार लावायला एक रीमर आणून टाकला. रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार. या रीमरला पाच धारा होत्या. रेलीननं तो मोजायला हात लांब केला आणि सवयीनं साधं मायक्रोमीटर सोडून कपाटातलं खोबणीचं मायक्रोमीटर काढलं. धारा चार किंवा सहा असतील तर एकीच्या बरोबर समोर दुसरी येते, साध्या चिमटीत माप मिळतं. पाच असतील तर एका धारेच्या समोर दुसरी धार नसते, दोन धारांमधली पोकळी असते. साधी चिमटी तिथे कमी माप सांगते. म्हणून विषम धारांसाठी ते खोबणीचं वेगळं यंत्र असतं. हे रेलीनला शिकाऊ असल्यापासून माहीत होतं. नव्या पोरांना ती हे शिकवत असे, आणि विसरले तर त्यांची आईवडिलांसकट आठवण काढत असे.

रीमर तिच्या हातातच राहिला. थोड्या वेळानं तिनं स्वतःला एक अस्सल शिवी दिली. ती इतक्या मोठ्यांदा दिली गेली की पलीकडच्या मशीनवरच्या माणसानं मशीन बंद करून "मी काय केलं?" असं विचारलं.

"तू नाही. मी गाढव आहे."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

शिशाचा तुकडा तिनं कितीदा चिमटीत धरला होता, पण त्याच्यावरचे वरंबे एकदाही मोजले नव्हते. मोजायचं काय त्यात? चार असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन तिनं तो तुकडा उन्हात धरून फिरवला. पाच होते. खोबणीच्या मायक्रोमीटरनं खरं माप आलं ते तीनशे सोळा. म्हणजे तिची ती सुरेख रिंग चांगल्या जाड गोळ्यांना दाबून नळीपेक्षा तीन थाऊ बारीक करत होती. गोळी नळीत बसत नव्हती, नुसती घरंगळत जात होती.

तिला लाज वाटली आणि त्याच वेळी नाचावंसं वाटलं. बाबाचा हात शाबूत होता. चूक तिची होती! स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

आल्विन मागच्या शेडमध्ये शिसं वितळवत होता. टायरवाल्याकडून आणलेली चाकांची जुनी वजनं भांड्यात विरघळत होती, मळी वर यावी म्हणून टाकलेल्या मेणबत्तीच्या तुकड्याचा धूर होता.

"बाबा, सापडलं!"

"काय हरवलं होतं?"

"नळीला पाच खाचा आहेत!"

आल्विननं पळीनं वरची मळी बाजूला काढली. "असतील."

"असतील काय? मी मोजल्या आत्ता. म्हणून माझं माप चुकलं. गोळी बारीक पडते तुझी, म्हणून आडवी जाते. तुझा काही दोष नाही. माझा आहे, सगळा माझा! नवी रिंग करते, तीनशे सतराची. तुझा साचा मुळात त्याहून जाडच गोळी पाडतो, मीच तिला चेपून वाया घालवत होते."

तिला वाटलं होतं, तो पळी खाली ठेवेल, हसेल, दोन-चार टोमणे मारेल. टोमण्यांची तिनं तयारीही ठेवली होती. पण त्यानं साच्यात शिसं ओतलं, ते थिजायची वाट पाहिली, मग साचा उघडून चकाकती गोळी फडक्यावर टाकली.

"राहू दे गं. जुनी रिंग काही वाईट नाही."

"वाईट नाही? गोळ्या आडव्या जातात तिच्यापायी!"

"जाईनात का. आडव्या जातात हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय."

"बाबा, नॉस्के काय म्हणाला ते सांगितलं ना तुला? एक गोळी पाटीबाहेर गेली की टेबलावर छत्रीखाली. पेंगिलीचे गुण लिहायचेत का तुला जन्मभर?"

गॅरी पेंगिली शाळेची बस चालवायचा आणि चौथ्या जागेवर, आल्विनच्या शेजारी बसायचा. पाटीवर त्याची गोळी कुठे लागेल ते त्याचं त्यालाही सांगता येत नसे. पोरं रोज शाळेत सुखरूप कशी पोचतात, याचं सगळ्या क्लबाला कोडं होतं.

"नाही," आल्विन म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की भांड्याखालच्या शेगडीचा आवाज त्याच्याहून मोठा वाटला. "टेबलावर नाही बसायचं मला."

"मग?"

"कर तुला काय करायचं ते."

म्हाताऱ्यांना नवी वस्तू नको असते, एवढाच अर्थ रेलीननं त्यातून काढला. तिनं रिंग केली. या वेळी पोलाद इतकं घासून गुळगुळीत केलं की आरशासारखं तोंड दिसावं. गोळ्या दाबून काढल्या. बारूद न भरलेलं एक काडतूस बनवून ते रायफलीत अडकत तर नाही ना, तेही बघितलं. अडकलं नाही, लोण्यात सुरी जावी तसं गेलं. बाकीची काडतुसं आल्विननं भरली, नेहमीसारखी एकेक दाणा तोलून, तराजूला नाक टेकवून. पूर्वी तो नाक टेकवत नसे. रेलीनच्या ते डोळ्यांसमोर होतं, पण तिचं सगळं लक्ष रिंगवर होतं.

तिसरा रविवार उजाडला तो निवांत. आखातावरून वारा नव्हता, बार्लीच्या कापलेल्या शेतात गुलाबी काकाकुवांचा थवा दाणे टिपत होता. नॉस्केनं लाल बावटा चढवला. रांगेत सहाजण बसले. आल्विननं तिसऱ्या जागेवर टेबलावर कोपर टेकवलं, पँटची इस्त्री सांभाळत पाय लांब केले. रेलीन त्याच्या मागच्या स्टुलावर बसली.

ट्रेवॅरोच्या क्लबाचा एक जुना हट्ट होता. दुसरीकडे लोक प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून पाटी बघतात. इथे दुर्बीण चालत नसे. "लढाईत दुर्बीण मिळायची का?" असं विचारणारे म्हातारे कधीच मातीआड गेले होते, पण नियम राहिला होता. दहा गोळ्या झाडायच्या, रायफली रिकाम्या करून ठेवायच्या, आणि मग सगळ्यांनी मिळून पाट्यांकडे चालत जायचं. काय झालं ते तिथे गेल्यावर कळायचं.

"तयार?" नॉस्के ओरडला. "चालू!"

आल्विनची पहिली गोळी गेली. आडवी गोळी भुंग्यासारखी गुंगुं करत जाते. रेलीन कान देऊन ऐकत होती. गुंगुं नव्हतं. नुसता आवाज, आणि बांधावर पाट्यांच्या मागे धुळीचा छोटा फवारा. दुसरी. तिसरी. बाप शांत होता. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचा. खांदा मागे ढकलला जायचा, परत जागेवर यायचा. त्याच्या हातात कुठे कंप नव्हता. रेलीनला वाटलं, उठावं आणि नॉस्केच्या कानात सांगावं, बघ, बघ जरा या हाताकडे. पाचवीनंतर त्यानं मान जराशी वाकडी केली, कुणाला चोरून बघावं तशी, आणि पुन्हा गालाला रायफल लावली. दहाही गोळ्यांची धूळ बांधावर जवळजवळ उडाली. शिट्टी वाजली नाही.

रायफली रिकाम्या झाल्या, नॉस्केनं एकेक तपासली, आणि मंडळी निघाली. आल्विन मागून काठी टेकत येत होता. रेलीन पुढे धावली. पंचावन्न वर्षांच्या बाईनं शेतातून असं धावू नये, पण ती धावली.

तीन नंबरच्या पाटीवर एकही भोक नव्हतं.

कोरी. कागद लावला तसाच. रेलीननं कागदाच्या मागेही बघितलं. तेवढ्यात शेजारून पेंगिलीचा आवाज आला. "अरे, हे काय आहे? हे मी मारलं?"

चार नंबरच्या पाटीवर वीस भोकं होती. दहा पेंगिलीची, ओळखीची, कागदाच्या चारी कोपऱ्यांना विखुरलेली. आणि दहा मधल्या काळ्या गोलात, चहाच्या बशीखाली झाकली जातील इतकी एकमेकांना लागून. सगळी गोल. ठसा मारल्यासारखी गोल.

नॉस्केनं टोपी मागे सरकवली आणि तो हसायला लागला. मग सगळेच हसायला लागले. "परकी पाटी! आल्विननं परकी पाटी मारली!"

शेजाऱ्याची पाटी मारणं हा क्लबातला सगळ्यात लाडका गुन्हा होता. त्याचा नियम साधा. मारणाऱ्याला भोपळा. पाटीवर जास्तीची भोकं असली तर त्यातली उत्तम दहा पाटीच्या मालकाची. आणि मारणाऱ्यानं पुढच्या वेळी सगळ्यांसाठी केक आणायचा.

"म्हणजे मी पहिला?" पेंगिली म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "छे, छे. हे माझे नाहीत. बायको विचारेल कसं काय जमलं."

"नियम म्हणजे नियम, गॅरी. कप तुझा. बायकोला सांग, चष्मा पुसला होता." नॉस्के रेलीनकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं सरळ दिसत होतं. "आणि तू ऐक. पाटीबाहेर एकही गोळी नाही. ठरलं होतं ते ठरलं. म्हातारा बसतो आपल्या जागेवर. परकी पाटी काय, मीही तीनदा मारलीय. केक मात्र चांगला आण, मागच्यासारखा करपलेला नको."

रेलीननं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. जागा वाचली होती! आता केक काय, ती सगळ्या गावाला जेवण घालायला तयार होती.

तोवर आल्विन पोचला. कुणीतरी त्याला खांदा थोपटून सांगितलं. तो चार नंबरच्या पाटीपुढे गेला, अगदी जवळ गेला, मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागला. मग त्यानं बोट लावलं आणि एकेका भोकाच्या कडेवरून सावकाश फिरवलं.

"गोल आहेत," तो म्हणाला.

"गोल म्हणजे काय, एकदम गोल!" रेलीन म्हणाली.

"हात बरा आहे की अजून."

"बरा? या सगळ्यांत तुझ्याइतका—"

"उन्हाचं झालं असेल, आल्विन," नॉस्के म्हणाला. "या उन्हात पाट्या एकीतून दुसरीत शिरतात. पुढच्या महिन्यात—"

"ऊन नव्हे रे." आल्विननं पाटीवरचं बोट काढलं आणि काठी दोन्ही हातांत धरली. "मला पाट्यांखालचे आकडे दिसत नाहीत. डावीकडून मोजत येतो, एक, दोन, तीन. पण मी बघतो ती जागाच डोळ्यापुढून पुसली जाते. मोजताना एखादी पाटी त्यात जाते. आज कुठली गेली कोण जाणे. एकदा पाटी धरली की मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं काळा गोल दिसतो, त्यावर मारतो. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, हे आता बरं व्हायचं नाही, वाढतच जाणार."

हसणं थांबलं. पेंगिली आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मागच्या हिवाळ्यात?" रेलीन म्हणाली.

"पेट्रोल महाग झालं तेव्हा."

नॉस्के काहीतरी बोलायला गेला. आल्विननं हात वर केला. "नियम तूच केलास ना, पाटीबाहेर गोळी गेली की थांबायचं. माझी माझ्या पाटीवर एकही नाही. ज्याला आपली पाटी दिसत नाही त्यानं रायफल धरू नये, हे मीच तुला शिकवलं. तू आठ-नऊ वर्षांचा असशील. टेबलावर बसेन मी, नाक टेकवून आकडे लिहीन. छत्री नको."

तो वळून परत निघाला. सगळे त्याच्या मागून चालले, पण त्याला मागे टाकून पुढे कुणी गेलं नाही. नॉस्केचे डोळे भरले होते आणि तो काकाकुवांना उगीच शिव्या देत होता.

रायफल म्यानात घालून गाडीच्या पेटीत कुलूपबंद करेपर्यंत रेलीननं दम धरला. मग तिला राहवलं नाही.

"तुला ठाऊक होतं. पाच खाचा आहेत ते."

"पन्नास वर्षं ती नळी साफ करतोय मी. पाचापर्यंत येतं मला मोजता."

"मी साधं मायक्रोमीटर लावलं तेव्हाच कळलं तुला?"

"तेव्हाच."

"आणि बोलला नाहीस! 'सुरेख झालीय' म्हणालास! मला सगळ्यांपुढे मूर्ख केलंस!"

"आधी म्हटलं, एवढी रिंग केलीयस, पहिल्या गोळ्या आडव्या गेल्या की तूच शोधून काढशील. मग त्या आडव्या गेल्या, आणि पाटी चुकली तरी सगळे म्हणाले, शिशाचा दोष, नाहीतर वयाचा. डोळ्याचं नाव कुणी काढलं नाही." आल्विननं खिडकीची काच खाली केली. "आडवी गोळी कुठेही जाते. ती कुठे लावली होती, कुणी विचारत नाही. बरं वाटलं मला. म्हटलं, चालेल तितके दिवस चालू दे."

रेलीननं गाडी सुरू केली. शेताच्या कच्च्या वाटेवरून ती डांबरी रस्त्यावर आली. तिचं चुकीचं माप त्याला सांभाळत होतं, आणि ते तिनं बरोबर केलं होतं.

"मी नवी रिंग करायलाच नको होती," ती शेवटी म्हणाली. "तुझी जागा मीच घालवली."

"अगं, इतके महिने मला वाटत होतं, डोळ्याबरोबर हातही गेला असेल. आडव्या गोळीवरून काही कळत नव्हतं. आज बोट फिरवून बघितलं." त्यानं ते बोट अंगठ्यावर घासलं. "दहाच्या दहा, बशीएवढ्या जागेत. तरुणपणीही नाही मारली अशी पाटी मी. पेंगिलीच्या नावावर गेली ते जाऊ दे."

यावर मात्र रेलीनला आवरेना. तिनं एका हातानं डोळे पुसले, ते परत भरले, परत पुसले. गाडी रस्त्याच्या कडेची खडी उडवत जराशी डावीकडे गेली.

आल्विननं न बघताच हात लांब करून स्टिअरिंग सरळ केलं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "दोघांपैकी एकाला तरी रस्ता दिसायला हवा."